मे महिन्यात घेतलेली चाचणी

"पण गावात घर कुठं तुमचं?" अण्णांनी विचारलं.

माझं गाव सोनगीरजवळ आहे, हे माझं सांगून झालं होतं. तेवढ्याने त्यांचं भागलं नाही. कॉलनीच्या सभागृहात पंचवीस-तीस माणसं खुर्च्यांवर बसलेली. मी समोर उभा. भिंतीवर मीच काढलेला बागेचा नकाशा.

अण्णा म्हणजे जळगावातल्या त्या कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष. निवृत्त प्राध्यापक. इस्त्रीचा पांढरा सदरा, मऊ आवाज. सगळे त्यांना अण्णा म्हणत, म्हणून मीही म्हणायचो.

प्रश्न निघाला मातीवरून. मी म्हणालो होतो, "ही काळी माती उन्हाळ्यात पाणी पिते, पावसाळ्यात पीत नाही. पाणी जिरण्याची चाचणी आपण पाऊस पडल्यावर घेऊ."

"हे कुठल्या पुस्तकात आहे?" अण्णा म्हणाले.

"पुस्तकातही असेल. मी शेतात पाहिलंय."

"तुमची शेती आहे?"

"नाही. आम्ही कामाला जायचो त्या शेतात."

तिथून ते गावावर आले. आणि गावावरून घरावर. वेशीच्या आत की पलीकडे, एवढंच त्यांना हवं होतं. मी उत्तर दिलं नाही. गप्प बसण्यातूनच त्यांना ते मिळालं. ते लोकांकडे वळले आणि हसत म्हणाले, "मग बरोबर आहे. चिखलाची विद्या यांच्याच घरची. आपला जन्म गेला फरशीवर!"

सभागृह हसलं. माझे साहेब हसले.

मीही हसलो.

हे शेवटचं वाक्य लिहायला मला वर्ष लागलं.

त्या हसण्यानंतर मी मातीचं नाव काढलं नाही. नकाशावरची पुढची खूण दाखवली. "इथे बाक येतील," म्हणालो.

काम काय होतं ते सांगतो. दर पावसाळ्यात त्या भागातले रस्ते तुंबायचे. कॉलनी उंचावर. तिच्या मधोमध सार्वजनिक बाग, पण नावालाच. सगळीकडे काँक्रीट, कडेने फरसबंद चालण्याचा रस्ता, चार कुंड्या. पडलेला थेंब न् थेंब उताराला लागायचा. उतार संपतो तिथे वस्ती आहे. निम्मी घरं आमची, बौद्धांची. बाकी सातपुड्याकडून कामाला आलेली कुटुंबं. पूर्वी कॉलनी आणि वस्तीच्या मध्ये एक नाला होता. तो बुजवून त्यावर पार्किंग झालं. नाला गेला, पाणी राहिलं.

महापालिकेने ठरवलं की बागच बदलायची. काँक्रीट उखडायचं. मधला भाग परातीसारखा खोलगट करायचा. त्यात झाडं, गवत, खाली शोषखड्डे. चालण्याच्या रस्त्याला फटी असलेल्या विटा, त्यांच्याखाली खडी. कॉलनीचं पाणी बागेत यायचं, तिथेच थांबायचं, तिथेच जिरायचं. वस्तीत जायचं नाही. आराखड्याचं काम आमच्या साहेबांच्या कचेरीला मिळालं. साहेबांनी ते मला दिलं.

मला फार आनंद झाला होता. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. मला आभार मानायची सवय आहे. गावातल्या शाळेच्या गुरुजींचे, धुळ्याच्या वसतिगृहाच्या अधीक्षकांचे, जुनी पुस्तकं देणाऱ्या पुढच्या वर्गातल्या मुलाचे. मुलाखतीत साहेबांनी माझं आडनाव वाचलं आणि पुढे काही विचारलं नाही, याचेसुद्धा मी मनातल्या मनात आभार मानले होते. न विचारणं हा उपकार वाटावा, अशी ती सवय. ती चांगली की वाईट हे मी कधी तपासलं नाही. त्या सवयीच्या माणसाला "नाही, साहेब" हे दोन शब्द एकत्र उच्चारता येत नाहीत.

सभेनंतर गाडीत साहेब म्हणाले, "मनाला लावून घेऊ नको. म्हातारा माणूस आहे. आणि चाचणी याच आठवड्यात उरक. मला आकडे लागतील."

"हो, साहेब," मी म्हणालो.

चाचणी साधी असते. जमिनीत हातभर खोल खड्डा घ्यायचा, पाणी भरायचं, पट्टी उभी करायची आणि घड्याळ लावून पाहायचं की किती वेळात पाणी किती उतरतं. पण त्याआधी खड्डा पाण्याने भरभरून भिजवावा लागतो. माती तहानलेली असता कामा नये. हा नियम मला परीक्षेत विचारला होता. मी पूर्ण गुण घेतले होते.

मे महिना होता. जळगावचा मे. बागेच्या कडेला एक मोकळा पट्टा होता, त्याला भेगा पडलेल्या. लहानपणी आई-बाबांबरोबर शेतावर गेलो की मी असल्या भेगांत ज्वारीचं धाट सोडायचो. अख्खं धाट आत जायचं आणि खाली टेकल्याचा आवाजही यायचा नाही. बाबा ओरडायचे, "पाय टाकू नको, मोडी जाई!" आणि पहिल्या दोन-तीन पावसांनंतर त्याच जमिनीवर पाण्याची डबकी उभी राहायची. भेगा कुठे होत्या तेही सापडायचं नाही.

मला हे माहीत होतं. पुस्तकातून माहीत होतं आणि पायातून माहीत होतं.

मी खड्डा घेतला. भिजवला नाही. पाणी ओतलं. ते गुडगुड करत गेलं. मी पट्टी धरेपर्यंत अर्धं गेलेलं. पुन्हा ओतलं, पुन्हा गेलं. मी आकडा लिहिला. शेजारी शेरा लिहिला, "जमिनीची शोषणक्षमता उत्तम." खाली सही केली.

का केलं? साहेबांनी घाई केली हे खरं. पण साहेबांना मी एकदा तरी सांगू शकलो असतो. मी सांगितलं नाही, कारण पुन्हा कुणी विचारलं असतं, हे तुला कसं कळलं? आणि मला पुन्हा त्या शेतात, त्या बांधावर, त्या घरी जावं लागलं असतं. सगळ्यांसमोर. मला इंजिनिअर दिसायचं होतं. म्हणून मी इंजिनिअरचं काम केलं नाही.

हिवाळ्यात बाग तयार झाली. देखणी झाली. उद्घाटनाला नारळ फुटला. अण्णांनी भाषणात "आमचे तरुण अभियंते" म्हणून माझा उल्लेख केला. मला बरं वाटलं. हेही लिहायला हवं. त्याच माणसाच्या तोंडून कौतुक ऐकून मला बरं वाटलं.

या वर्षी ऑगस्टमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला. बागेची परात भरली. सकाळी फिरायला आलेली मंडळी विनोद करत होती. "बोटिंग सुरू करा, साहेब. तिकीट आम्ही फाडतो." मीही म्हणालो, "उद्यापर्यंत जिरेल." दुसऱ्या दिवशी पाणी तेवढंच. तिसऱ्या दिवशी तेवढंच, वर शेवाळ. चौथ्या दिवशी, रविवारी दुपारी, पुन्हा पाऊस आला. भरलेल्या परातीत आणखी पाणी कुठे मावणार? जादा पाणी बाहेर पडायला एक कड खालची ठेवलेली असते. ती मीच ठेवली होती, वस्तीच्या बाजूला. उतार तिकडेच होता. आणि तिकडे पाणी कधी जाणारच नाही, असं माझ्या सहीचा कागद सांगत होता.

पूर्वी पाणी पसरून यायचं, रस्त्यारस्त्याने. आता बागेने ते एकत्र गोळा करून एकाच तोंडातून सोडलं.

सोमवारी साहेबांबरोबर मी वस्तीत गेलो. पहिल्याच ओळीत सुमनअक्काचं घर. ती एका शाळेचे गणवेश शिवते. कापलेलं कापड जमिनीवर गठ्ठ्यांनी रचलेलं होतं. निळ्या पँटींचा रंग पांढऱ्या सदऱ्यांना लागला होता. दारात दोरी बांधून तिने ते वाळत घातले होते. निळे-पांढरे, कुणालाच न चालणारे. माझ्याकडे न बघता ती साहेबांना म्हणाली, "फोटो काढा ना भाऊ. मागच्या वर्षीबी काढले होते. जोडीला ठेवा."

तिचे वडील आबा उंबऱ्यावर बसून घमेल्याने पाणी बाहेर टाकत होते. सत्तरीचे असतील. मूळचे चोपड्याकडचे. आयुष्य विहिरी खोदण्यात गेलेलं. साहेब फोनवर बोलत बाजूला गेले, तेव्हा मी आबांच्या हातातलं घमेलं घ्यायला वाकलो. त्यांनी दिलं नाही.

"कोनता गावना तुमी?"

"सोनगीरकडना."

माझ्या तोंडून आपोआप गावची बोली आली. आबांनी घमेलं खाली ठेवलं.

"मायबाप काय करतस?"

"मजुरी. दुसऱ्याना वावरमा."

"काई माती?" काळी का, असं.

"हा."

त्यांनी मान वर करून पाहिलं. मग म्हणाले, "मंग तुले ठाऊक व्हतं."

बस. आवाज चढला नाही. शिवी नाही. दुसऱ्याच कुणाला सांगावं तसे पुढे बोलत राहिले. "उन्हायामा तडकस, ढोसस पानी. मंग फुगस आन तोंड मिटी लेस. आठे दोन परस खाले मुरूम शे. तठपर्यंत खड्डा नेता तं गयं असतं पानी." परस म्हणजे हात वर करून उभ्या माणसाची उंची. विहिरी त्या मापाने खोदतात, आणि इथल्या सगळ्या त्यांनीच खोदलेल्या. "आठल्या बठ्ठ्या इहिरी मन्हा हातन्या शेतस. कोनी माले इचारं नही."

कॉलनीतल्या सभेत माझी थट्टा झाली, तेव्हा माझ्यावर अन्याय झाला असं मी वर्षभर समजत होतो. झालाच होता. पण मी तो अन्याय घेतला आणि उताराने खाली सोडून दिला. तो इथे, या उंबऱ्यात येऊन साचला. अण्णांनी मला एका वाक्याने खाली ढकललं, आणि मी एका सहीने या माणसांना.

संध्याकाळी कचेरीत साहेबांनी दार लावून घेतलं. समितीचं पत्र आलं होतं. त्यात लिहिलं होतं की वस्तीतली माणसं बागेतून जाता-येता कचरा टाकतात, त्याने शोषखड्डे बुजले. म्हणून खालच्या बाजूचं फाटक कायमचं बंद करावं आणि तिथे भिंत बांधावी. महापालिकेने आमच्याकडे अहवाल मागितला होता.

त्या फाटकातून वस्तीतली मुलं शाळेत जातात. सुमनअक्का गणवेशांचे गठ्ठे घेऊन जाते. फाटक बंद झालं तर रेल्वेच्या कडेने मोठा वळसा. आणि भिंत पाणी अडवणार नाही. पाणी दुसरं तोंड शोधून वस्तीतच जाणार.

"अहवाल तू लिही," साहेब म्हणाले. "गाळ आणि कचरा. दोन ओळी पुरेत."

"साहेब, खड्डे साफ आहेत. मी पाहिले. चाचणी चुकली होती."

माझे साहेब वाईट माणूस नाहीत. म्हणून त्यांचं बोलणं जास्त लागलं.

"हे बघ, तुझ्या भल्यासाठी सांगतो. मी चुकलो तर लोक म्हणतील, साहेब चुकले. तू चुकलास तर काय म्हणतील, ठाऊक आहे ना? म्हणतील, हे असेच. कोट्यातले. तुझ्यामागून जी पोरं येतील, त्यांना मग कोण उभं करेल? त्यांचा तरी विचार कर."

मी तो विचार केला. खरंच केला. घरी जाऊन दिवा न लावता बसून राहिलो. हीच भीती मला पहिल्या इयत्तेपासून होती. माझं गणित चुकलं की ते माझ्या एकट्याचं चुकत नसे. माझ्या मागे उभ्या असलेल्या सगळ्यांचं चुके. म्हणून मी कधी चुकलो नाही, आणि चुकलो तेव्हा खोडलं. मी चूक कबूल केली तर अण्णांसारख्यांचं खरं ठरेल. नाही केली तर आबांच्या दारात भिंत येईल. आमच्या माणसांची अब्रू राखायची म्हणून आमच्याच माणसांवर खोटं घालायचं. असा तो हिशेब होता आणि तो मला पटत आला होता. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

बाबांना फोन केला. सगळं सांगितलं.

"नौकरी जाई का?" त्यांनी विचारलं.

"जाई बहुतेक."

"कोनं घर पडनं का?"

"नही. पानी घुसनं."

"मंग सांगी टाक," ते म्हणाले. आणि लगेच, "जेवना का?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. बादली, पट्टी आणि घड्याळ घेऊन सकाळीच बागेत गेलो. आबांना बोलवायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "मी कसाले?" मी म्हणालो, "आता इचारी राह्यनू." ते उठले. कुदळ घेऊन आले.

जिथे मे महिन्यात खड्डा घेतला होता, त्याच्या शेजारीच आबांनी खड्डा घेतला. माती कुदळीला चिकटून येत होती. मी पाणी भरलं. पट्टी उभी केली. घड्याळ पाहत बसलो.

फिरायला आलेले लोक थांबू लागले. "काय इंजिनिअर साहेब, विहीर काढताय का?" कुणीतरी म्हणालं. पाच मिनिटं झाली. दहा. पाणी जागचं हललं नाही.

"घड्याय काय देखस?" आबा म्हणाले. "पानीनी आठे मुक्काम करा."

अण्णा आले. हातात काठी, सोबत समितीचे दोघं.

"कोणाच्या परवानगीने खोदलंत?"

"अण्णा, ही चाचणी आहे. मी गेल्या वर्षी चुकीची घेतली होती. सुक्या भेगांत पाणी ओतलं आणि आकडा लिहिला. शोषखड्डे कचऱ्याने बुजलेले नाहीत. ते मुरमापर्यंत गेलेलेच नाहीत. चूक माझी आहे."

ते क्षणभर गोंधळले. त्यांना वाटलं नव्हतं की मी असं बोलेन. मग चेहऱ्यावर ते जुनं मऊ हसू आलं. सोबतच्यांकडे वळून ते म्हणाले, "बघा. मी म्हणतच होतो. या लोकांच्या हातात कामं दिली की..."

"या लोकांच्या नाही," मी म्हणालो. "माझ्या. अहवालावर सही माझी आहे. हे आबा आहेत. त्यांनी चूक केलेली नाही. त्यांना कुणी विचारलं असतं तर बाग चालली असती. मला माहीत होतं आणि मी बोललो नाही, कारण तुम्ही हसलात. हसणं तुमचं, गप्प बसणं माझं. माझ्या वाट्याचं मी लिहून देतोय. तुमच्या वाट्याचं तुम्ही बघा."

कुणी हसलं नाही. कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. अण्णा म्हणाले, "भाषण नको." आणि ते गेले. लोकही पांगले. एक बाई तेवढी थांबली, खड्ड्यात डोकावून पाहिलं आणि "जात नाही खरंच," असं म्हणून चालू लागली.

अर्ध्या तासाने आम्ही पट्टी वाचली. पाणी बोटाच्या पेराएवढंही उतरलं नव्हतं. मी आकडा लिहिला. साक्षीदार म्हणून आबांचं नाव लिहिलं. त्यांनी सही केली. सावकाश, एकेक अक्षर काढून. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकले होते.

अहवाल मी दोन पानांचा लिहिला. पहिली चाचणी का चुकली. दुसरीत काय आढळलं. खड्डे मुरमापर्यंत न्यावेत, वरची चिकण माती काढून वाळू आणि खडी भरावी, जादा पाण्याचं तोंड वस्तीकडून बंद करून जुन्या नाल्याच्या वाटेने काढावं, त्यासाठी पार्किंगखालचा नाला मोकळा करावा. शेवटचा मुद्दा लिहिताना मला माहीत होतं की त्या पार्किंगमध्ये कुणाच्या गाड्या उभ्या असतात. फाटक आणि कचऱ्याबद्दल एक ओळ लिहिली. "वस्तीतील रहिवाशांचा या प्रकाराशी काहीही संबंध नाही." साहेबांनी त्यावर सही करायला नकार दिला. मी एकट्याच्या सहीने महापालिकेच्या आवक खिडकीवर दिला आणि पोच घेतली.

साहेबांनी मला काढलेलं नाही. कामं काढून घेतली आहेत. मी कचेरीत जातो, बसतो, येतो. महापालिकेचं उत्तर अजून नाही. समितीने मात्र फाटकाशेजारी विटांचा ढीग आणून टाकला आहे. सुमनअक्का अजून माझ्याशी बोलत नाही. तिने बोलावं असं मी काही केलेलंही नाही. तिचं शाळेचं काम दुसऱ्या कुणाला गेलं.

माझी लाज गेलेली नाही. जाऊ नये असंच मला वाटतं. फक्त ती आता योग्य गोष्टीची आहे. माझ्या घराची, माझ्या बोलीची, बाबांच्या मजुरीची मला लाज वाटायची, ती मी टाकून दिली. त्या खोट्या आकड्याची ठेवली आहे.

यापुढे माझ्या हातून कोरड्या जमिनीचा आकडा जाणार नाही. जिथे पाणी शेवटी पोचतं, त्या घरात आधी विचारल्याशिवाय मी एकही रेघ ओढणार नाही. चुकलो तर माझ्या नावाने चुकेन आणि माझ्या नावाने लिहून देईन. माझ्या चुकीवर माझ्या सगळ्या समाजाचं नाव जो लिहू पाहील, त्याचा हात मी धरीन.

आणि त्या फाटकात गवंडी आला की मी तिथे असेन. अहवालाची प्रत घेऊन, आबांच्या शेजारी. नोकरी असो वा नसो. ती भिंत मी बांधू देणार नाही.